मेक्सिकोतील शांत समुद्रकिनारी गाव : दोघांसाठी दहा-बारा दिवसांचा, बेताच्या खर्चाचा मुक्काम कुठे करावा?

संगममाहुली (सातारा)

सर्वांना नमस्कार.

मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेतून इतिहासाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो, त्याला आता तीन वर्षे होतील. आमची मुलगी ह्यूस्टनला नोकरी करते आणि येत्या जानेवारीत आम्ही उभयता तिच्याकडे चार महिन्यांसाठी जाणार आहोत. फेब्रुवारीत तिला कामाचा फार ताण असतो, म्हणून त्या काळात आम्ही दोघांनीच मेक्सिकोच्या एखाद्या शांत समुद्रकिनारी दहा-बारा दिवस राहून यावे, असे घरात घाटत आहे. मुलगी कॅनकूनच्या मोठ्या रिसॉर्टचे नाव घेते, जिथे राहणे, जेवणखाण सगळे एकाच रकमेत होते. तिचा आग्रह प्रेमापोटी आहे; पण मनगटाला पट्टी बांधून आठवडाभर एकाच आवारात राहण्यात आमचे मन रमणार नाही.

आमच्या मनात काय आहे ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडणगड तालुक्यातील वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात ते पाहायला गेलो आणि एक दिवसाचे पाच दिवस राहिलो. पहाटे किनाऱ्यावर जावे, परत येऊन त्या घरच्या बाईंच्या हातचे घावन खावेत, दुपारी ओटीवर वाचत पडावे आणि उन्हे कलली की पुन्हा वाळूत जाऊन बसावे, यापलीकडे त्या पाच दिवसांत आम्ही काही केले नाही. साताऱ्याहून नेलेली गाडी परतीच्या दिवसापर्यंत जागची हलली नाही. महाबळेश्वर आणि कास येथे सुट्टीच्या दिवशी होणारी गर्दी पाहिल्यापासून तर आम्हाला अशाच मुक्कामाची ओढ लागली आहे.

अडचणी अशा : पत्नी माळकरी असल्यामुळे मांसमच्छी, अंडे काही चालत नाही, मी मासे खातो. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या नकोत. स्पॅनिश आम्हा दोघांनाही येत नाही. विमानभाडे सोडून एक लाख रुपयांच्या आत सगळे बसले तर बरे. गाव कोणते निवडावे, तिथे पोहोचावे कसे आणि या वयात तिथे राहणे सुरक्षित आहे का, याविषयी ज्यांनी तो किनारा स्वतः पाहिला आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

आयर्विन (सांगली)

सर, नमस्कार. नोकरीनिमित्त मी तीन वर्षे केरेतारो शहरात होतो आणि सुट्टी जोडून आली की आम्ही दोघे किनाऱ्याकडे जात असू. आता सांगलीला परत आलो आहे. आपण वेळासचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना मला वाहाका राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील सान अगुस्तिनियो हे गाव डोळ्यांसमोर आले, आणि तिथे कासवांचा धागाही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सान अगुस्तिनियो आणि त्याला लागूनच असलेले मासुंते ही दोन्ही गावे एके काळी कासवांच्या मांसावर आणि कातड्यावर जगत होती. सान अगुस्तिनियोत तर कासवे कापण्याचा कारखानाच होता. १९९० साली मेक्सिको सरकारने समुद्री कासवांची शिकार आणि व्यापार यांवर संपूर्ण बंदी घातली, तेव्हा या लोकांचा रोजगार एकाएकी बुडाला. पुढे काही वर्षांतच मासुंतेला कासवांचे संशोधन केंद्र आणि मत्स्यालय उभे राहिले, गावकऱ्यांनी नैसर्गिक तेले आणि साबण बनवण्याची सहकारी संस्था काढली आणि घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. ज्या हातांनी कासवे कापली तेच हात पुढे त्यांची अंडी राखू लागले, ही गोष्ट तिथल्या म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडून ऐकताना मला वेळासचीच आठवण झाली होती. कासवेही तीच, ऑलिव्ह रिडले. जवळच्या ला एस्कोबिया या किनाऱ्यावर ती हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालायला येतात. मात्र त्यांचा मुख्य हंगाम पावसाळ्यापासून डिसेंबरच्या आसपासपर्यंत असतो, त्यामुळे फेब्रुवारीत ते दृश्य दिसेल अशी आशा ठेवू नये. त्याऐवजी डिसेंबर ते मार्च या काळात हंपबॅक देवमासे या पाण्यात असतात. मासुंतेच्या पुंता कोमेता या टेकडीवजा भूशिरावर संध्याकाळी बसले असता दूरवर त्यांच्या श्वासाचे फवारे आम्हाला दोनदा दिसले.

फेब्रुवारी हा महिना आपण योग्य निवडला आहे. त्या किनाऱ्यावर चक्रीवादळांचा काळ मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. ३० मे २०२२ रोजी अगाथा हे वादळ याच पट्ट्यात, पुएर्तो आंखेलच्या पश्चिमेला धडकले होते. फेब्रुवारीत आभाळ निरभ्र असते आणि रात्री पंख्यावर भागते. नाताळचा आठवडा आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तेव्हा सगळा मेक्सिको समुद्रावर असतो आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात.

जाण्याचा मार्ग असा : ह्यूस्टनहून मेक्सिको सिटी आणि तिथून देशांतर्गत विमानाने पुएर्तो एस्कोंदीदो. हे अंतर्गत विमान स्वस्त असते, पण सामानाचे पैसे वेगळे लागतात; तेव्हा तिकीट काढतानाच बॅग जोडून घ्यावी, विमानतळावर ती फार महाग पडते. रस्त्यानेच जायचे असेल तर वाहाका शहरापासून पुएर्तो एस्कोंदीदोपर्यंत फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा महामार्ग सुरू झाला आहे. पूर्वी सहा-सात तास घाटातून वळणे घेत जावे लागे, ते अंतर आता साधारण तीन तासांत कापले जाते. पुएर्तो एस्कोंदीदोहून पोचुत्लाकडे जाणारी बस सान अन्तोनियो या फाट्यावर सोडते. तिथून गावात जायला कामियोनेता मिळते, म्हणजे मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना बाके ठोकलेली आणि वर ताडपत्री ताणलेली छोटी मालमोटार. आपल्याकडे वडापमध्ये बसण्याची सवय असलेल्याला तिचे काही विशेष वाटणार नाही, परंतु काकूंचे गुडघे लक्षात घेता आपण विमानतळावरूनच टॅक्सी ठरवावी. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर आहे.

खोलीबाबत एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. पहिल्या खेपेस आम्ही छायाचित्रे पाहून समुद्राकाठची म्हणून एक खोली सात दिवसांसाठी आगाऊ पैसे भरून घेतली. खोलीतून समुद्र दिसत होता हे खरे. पण ती टेकडीवर होती आणि वर जायला नव्वदच्या वर पायऱ्या होत्या. बरोबर माझी आई होती. मालकाने पैसे परत करायला नकार दिला आणि आम्हाला ते सोडून दुसरीकडे राहावे लागले. त्यानंतर मी कायम दोन-तीन रात्रींचेच आरक्षण करतो, पायऱ्या किती आहेत ते लेखी विचारतो आणि उरलेल्या दिवसांची खोली गावात पायी फिरून, स्वतः पाहून, आठवड्याच्या दराने ठरवतो. सान अगुस्तिनियोत एकच मुख्य रस्ता आहे आणि तो वाळूला समांतर जातो, त्यामुळे सपाटीवरच्या खोल्या मिळतात.

खर्चाचा अंदाज माझ्या शेवटच्या मुक्कामावरून देतो. पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेली साधी खोली सातशे पेसो, दोघांचे दोन वेळचे जेवण आणि न्याहारी मिळून सहाशे, शहाळे, फळे आणि किरकोळ प्रवास दीडशे. म्हणजे दिवसाला चौदा-पंधराशे पेसो, आणि पेसोला साधारण पावणेपाच-पाच रुपये धरले तर सात-साडेसात हजार रुपये. अकरा दिवसांचे गणित आपल्या रकमेत बसते.

आपण इतिहास शिकवला आहे म्हणून आणखी एका गावाचे नाव देऊन ठेवतो. हालिस्को राज्यात बार्रा दे नाविदाद हे खाडीकाठचे लहान बंदर आहे, जिथून नोव्हेंबर १५६४ मध्ये लेगास्पी या स्पॅनिश सरदाराची गलबते फिलिपीन्सकडे निघाली आणि पुढे अडीचशे वर्षे चाललेल्या मनीला-अकापुल्को व्यापाराचा पाया घातला गेला. मेक्सिकोच्या बाजारात आजही एका जातीच्या आंब्याला मनीला म्हणतात. मात्र तिथे जायचे तर वेगळा प्रवास करावा लागेल, आणि माझे कळकळीचे सांगणे एवढेच आहे की दोन गावे एका खेपेत जोडू नयेत. बारा दिवसांत तीन ठिकाणे पाहिली की बसस्थानके लक्षात राहतात आणि समुद्र राहून जातो.

येरळाकाठ (विटा)

आयर्विन यांनी उत्तम लिहिले आहे. एका गावी मुक्काम करावा, या त्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. गाव मात्र मी वेगळे सुचवेन. पॅसिफिकचा समुद्र अंगावर येणारा आहे. साठीच्या माणसाला पाण्यात निवांत उभे राहता यावे, असे वाटत असेल तर मेक्सिकोच्या आखाताकडचा युकातानचा उत्तर किनारा पाहावा. तिथले पाणी उथळ असते, पन्नास पावले आत गेले तरी कमरेच्या वर येत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवाससूचनांत युकातान राज्य सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत गणले गेले आहे, आणि ह्यूस्टनहून मेरिदाला, म्हणजे त्या राज्याच्या राजधानीला, थेट विमान असल्यामुळे मधली धावपळही वाचते.

मेरिदाच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर सेलेस्तुन हे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. मायणी आणि येरळवाडीच्या तलावावर मी लहानपणापासून रोहित पाहत आलो, पण तिथला अमेरिकी रोहित पाहिला तेव्हा काही क्षण दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिलो. आपल्याकडचा पक्षी पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेला, आणि हा पिकलेल्या पेरूच्या गरासारखा गडद. होडीचे भाडे माणशी नसून पूर्ण होडीचे असते, म्हणून सकाळी सातच्या सुमारास धक्क्यावर जाऊन आणखी चौघे मिळेपर्यंत थांबावे. वारा सुटण्यापूर्वी पक्षीही जवळून दिसतात.

दुसरे गाव सिसाल. ते याहून लहान आहे आणि मेरिदापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. माण, खटाव, जतकडे बांधावर लावलेले घायपात आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वाख काढून त्याचे दोर वळणारी माणसे माझ्या आजोळी होती. त्या वाखाला जगभर सिसाल हे नाव पडले ते या बंदरावरून, कारण युकातानचा वाख एके काळी इथूनच गलबतांवर चढत असे. पुढे प्रोग्रेसो बंदर झाले आणि हे गाव मागे पडले. म्हणूनच ते आज इतके शांत आहे. रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नसते.

उणिवाही सांगतो. हिवाळ्यात अधूनमधून उत्तरेकडून थंड वारा येतो, त्याला तिथे नोर्ते म्हणतात, आणि तो दोन-तीन दिवस राहिला तर समुद्रात उतरवत नाही. सेलेस्तुनला संध्याकाळी डास फार आहेत. आणि जेवण जवळजवळ पूर्णपणे मासळीचे असल्यामुळे काकूंच्या दृष्टीने हा किनारा कितपत सोयीचा पडेल, याविषयी मला शंका आहे.

संगममाहुली (सातारा)

दोघांचेही मनापासून आभार. इतकी तपशीलवार उत्तरे येतील असे वाटले नव्हते. घायपाताचा उल्लेख पत्नीला वाचून दाखवला तेव्हा तिने माहेरच्या चुलत्यांची आठवण काढली. ते म्हसवडच्या बाजारात दोर विकत असत.

आता आमच्यापुढे जेवणाचा प्रश्न उरतो. पत्नीची स्वयंपाक करण्याची तयारी आहे, पण सुट्टीचे दहाही दिवस तिने चुलीपुढे उभे राहावे, हे मला पटत नाही. त्यात माघातली एकादशी मुक्कामातच येण्याचा संभव आहे. शाकाहारी माणसाला त्या किनाऱ्यावर बाहेर काय मिळते, हे कोणी सांगू शकेल का? आणि अमेरिकेचा व्हिसा असताना मेक्सिकोचा व्हिसा खरोखरच लागत नाही का?

वाईची लेक

सर, मी शाकाहारी आहे आणि मासुंतेला अठरा दिवस राहिले आहे, म्हणून काकूंसाठी लिहिते.

पहिली गोष्ट ही की तिथे शाकाहार म्हटल्यावर समोरचा माणूस फक्त मांसाचा तुकडा बाजूला काढतो. घेवड्यासारख्या काळ्या दाण्यांची उसळ डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, आणि वाहाकाची प्रसिद्ध त्लायुदा, म्हणजे ताटाएवढी कडक पोळी, तिला चरबीचा हात फिरवल्याशिवाय पुढे सरकवत नाहीत. ताटात यांतले काही दिसत नाही, म्हणून विचारावेच लागते. एक कागद करून ठेवावा आणि त्यावर स्पॅनिशमध्ये स्वच्छ लिहून घ्यावे की मी मांस, कोंबडी, मासे, अंडी खात नाही आणि चरबी किंवा कोंबडीचे पाणीही चालत नाही. बोलताना दोन शब्दप्रयोग पुरतात : सिन मांतेका म्हणजे चरबी नको, आणि सिन काल्दो दे पोयो म्हणजे कोंबडीचे पाणी नको. मी हे सांगू लागल्यावर लोक कधी त्रासले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी मला पाहताच खानावळीतली बाई तेलात वेगळी उसळ करून ठेवू लागली.

आता मिळते काय, ते सांगते, आणि हे सांगताना मला खरोखर आनंद होतो, कारण तिथला बाजार पाहून मला परक्या देशात असल्यासारखे वाटलेच नाही. पोचुत्लाला सोमवारी मोठा बाजार भरतो. तिथे बायका जमिनीवर पोती पसरून बसतात आणि त्या पोत्यांवर घोळाची भाजी असते, आपली तीच तांबूस देठांची घोळ. तिला ते बेर्दोलागास म्हणतात. भोपळ्याची फुले जुड्या बांधून असतात. फड्या निवडुंगाची कोवळी पाने काटे तासून, चिरून ठेवलेली असतात. ती भाजली की थोडी आंबट आणि भेंडीसारखी बुळबुळीत लागतात. पेरू, पपई, सीताफळाच्या जातीची फळे, शेंगदाणे, रताळी, ओल्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबे, नारळ सगळे आहे. लाल अंबाडीच्या वाळवलेल्या बोंडांचे सरबत प्रत्येक खानावळीत मिळते, त्याला आग्वा दे हामाइका म्हणतात. चिंचेचेही सरबत असते. एकादशीची काळजी करू नये. रताळ्याला कामोते आणि शेंगदाण्याला काकावाते म्हणतात, एवढे दोन शब्द ध्यानात ठेवले की फराळ झाला. साबुदाणा मात्र मी तिथे पाहिला नाही.

आणि पोळी. मी ज्यांच्याकडे राहत होते त्या आजी रोज संध्याकाळी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवत, सकाळी चोळून धूत आणि दळून आणत. त्या पिठाला नव्याने चुना दिलेल्या भिंतीवर पाणी मारल्यावर येतो तसा वास येतो. मातीच्या तव्यावर, ज्याला त्या कोमाल म्हणत, पोळी टाकली की पहिली बाजू उलटताना त्या कधी उलथणे घेत नसत. कडेला बोटाने उचलून सरळ पालटत, आणि दुसऱ्या बाजूला ती टम्म फुगली की वरून दोन बोटे हलकेच टेकवत. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडून पिठाचा गोळा मागून घेतला आणि आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखी दोन्ही हातांवर थापली. पीठ कमी चिकट असल्यामुळे कड जरा फाटली; तरीही आजींनी ती भाकरी घरातल्या सगळ्यांना दाखवली आणि शेजारणीला हाक मारून बोलावले. काकूंनी हे अवश्य करून पाहावे. सामायिक स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर दिवसातून एकदाच भात-आमटीसारखे काही करता येईल आणि एक वेळ बाहेर जेवता येईल. घरून कच्चे धान्य, कडधान्य किंवा बी-बियाणे नेऊ नये, विमानतळावर तपासणी होते. हळद आणि गोडा मसाला बंद पाकिटातला, थोडासा न्यावा. जिरे तिथे मिळते.

पाणी नळाचे पिऊ नये. वीस लिटरचे जार सगळीकडे असतात आणि मालक खोलीत भरून ठेवतात.

मिरज जंक्शन

कागदपत्रांविषयी लिहितो, कारण माझ्या आईवडिलांना मी गेल्या वर्षी अशाच प्रवासाला पाठवले होते.

अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीय नागरिकाला पर्यटक म्हणून मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. जास्तीत जास्त मुक्काम १८० दिवसांचा असतो, पण प्रत्यक्ष किती दिवस द्यायचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि लिहून देतो. तो आकडा खिडकीपासून हलण्यापूर्वी वाचून घ्यावा. परतीचे तिकीट, पहिल्या दोन-तीन रात्रींचे आरक्षण आणि मुलीचा ह्यूस्टनचा पत्ता छापील स्वरूपात हाताशी ठेवावा.

अधिक महत्त्वाची बाब अमेरिकेत परत येण्याची आहे. व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा असावा आणि परतीच्या दिवशी त्याची मुदत शिल्लक असावी. मेक्सिकोहून परतल्यावर अमेरिकेतील मुक्कामाचे दिवस नव्याने मोजले जातील असे गृहीत धरू नये. अधिकारी पूर्वीचीच तारीख कायम ठेवू शकतो. म्हणून भारतात परतण्याचे तिकीट पहिल्या प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या तारखेच्या आतलेच असावे. अमेरिकेसाठी काढलेला आरोग्य विमा मेक्सिकोत लागू होतो की नाही, ते विमा कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह चार दिवस जास्तीची न्यावीत.

पैशांबाबत एक गोष्ट नवख्या माणसाला गोंधळात टाकते : मेक्सिकोत पेसोसाठीही डॉलरचेच चिन्ह लिहितात. फळ्यावर त्या चिन्हापुढे १२० लिहिलेले पाहून माझ्या वडिलांनी जेवण न घेताच बाहेर पडण्याची तयारी केली होती. सान अगुस्तिनियोसारख्या लहान गावात सगळा व्यवहार रोखीचा असतो, म्हणून पुएर्तो एस्कोंदीदो किंवा पोचुत्ला येथील बँकेच्या यंत्रातूनच पैसे काढून पुढे जावे. यंत्राने रुपयांत किंवा डॉलरमध्ये रूपांतर करून देऊ का असे विचारले तर नकार द्यावा आणि पेसोतच रक्कम घ्यावी; त्या रूपांतराचा दर फार वाईट असतो. पाचशेची नोट छोट्या दुकानात मोडत नाही.

आयर्विन (सांगली)

येरळाकाठ यांनी पॅसिफिकच्या पाण्याविषयी जी सावधगिरी सांगितली, ती मी पहिल्याच उत्तरात सांगायला हवी होती. त्या किनाऱ्यावर परतीच्या पाण्याची ओढ जबरदस्त असते. शेजारचे सिपोलिते त्यासाठी कुप्रसिद्ध आहे आणि तिथे अनेक जण बुडालेले आहेत. तो किनारा विवस्त्र स्नानासाठीही ओळखला जातो, तेही आधी ठाऊक असावे. माझ्या समोर एक तिशीतला, उत्तम पोहणारा माणूस गुडघाभर पाण्यातून ओढला गेला होता. तो किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहिला आणि जागच्या जागी थकत गेला. जीवरक्षकाने त्याला हाताने खूण करून आडवे, किनाऱ्याला समांतर पोहायला लावले, तेव्हा कुठे तो त्या ओढीतून बाहेर आला. वाळूवर आणल्यानंतर पंधरा मिनिटे त्याला बोलता येत नव्हते.

सान अगुस्तिनियोच्या किनाऱ्याला मधे खडक आहेत आणि त्यांच्या आडोशाला पाणी पुष्कळ सौम्य असते. मासुंतेचा रिंकोन्सितो हा कोपराही त्यामानाने निवांत आहे. तरीही लाल बावटा असेल त्या दिवशी पाऊलही टाकू नये, आणि रोज सकाळी घरमालकाला विचारूनच कुठे उतरायचे ते ठरवावे. कृष्णेला पाणी चढलेले असताना आपण घाटाच्या कुठल्या पायरीवर थांबायचे हे जसे काठावरच्या माणसाला विचारतो, तसेच.

संगममाहुली (सातारा)

सर्वांची उत्तरे काल रात्री आम्ही दोघांनी पुन्हा एकदा सावकाश वाचली. रोहित पाहण्याचा मोह मला अजूनही सुटलेला नाही, परंतु निर्णय पत्नीने घेतला आणि तो सान अगुस्तिनियोचा आहे. समुद्रात पोहायचे नाहीच, काठावर बसायचे आहे, असे तिचे म्हणणे आहे. आणि पिठाचा गोळा मागून घेण्याची गोष्ट तिने मला दोनदा वाचायला लावली.

बेत असा ठरला आहे : मेक्सिको सिटीला एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने पुएर्तो एस्कोंदीदो, तिथल्या बँकेतून पैसे काढून टॅक्सीने गावात, आणि मग सलग दहा रात्री तिथेच. पहिल्या तीन रात्रींसाठी तळमजल्यावरील खोलीची विचारणा मुलीने केली आहे आणि पायऱ्यांचा प्रश्न लेखी विचारला आहे. उत्तर आले की तीन पायऱ्या आहेत. पोचुत्लाच्या सोमवारच्या बाजाराला जाण्यासाठी एक दिवस राखून ठेवला आहे. तो बाजार सकाळी किती वाजता भरतो, आणि तिथे जायला कामियोनेता गावातूनच मिळते की सान अन्तोनियो फाट्यावर बदलावी लागते?

वाईची लेक

सर, बाजार उजाडल्यापासूनच असतो, पण भाजी ताजी हवी असेल तर नऊच्या आत पोहोचावे; अकरानंतर ऊन सोसत नाही. सान अगुस्तिनियोतून पोचुत्लाला जाणाऱ्या कामियोनेता रस्त्यावर हात केला की थांबतात, मला फाट्यावर बदलावे लागले नव्हते. काकूंना पुढे चालकाशेजारी बसायचे आहे असे खुणेने सांगितले तरी चालक जागा करून देतात. जाताना कापडी पिशवी न्यावी, आणि घोळ विकणाऱ्या बायका कमानीच्या आत, उजव्या हाताला बसतात. माझ्या वेळी तरी त्या तिथे होत्या.